फक्त शहरातच गाडी चालवते, समर टायर ठेवू की विंटर घेऊ?

सकाळची_गाडी

नमस्कार मंडळी. टायरवरून आमच्या घरात आठवडाभर खल चाललाय म्हणून शेवटी इथे विचारते.

माझं ड्रायव्हिंग सगळं शहरातलं. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, तिथून ऑफिस, संध्याकाळी परत, रोजचं १८-२० किमी होतं आणि हायवे वर्षातून दोन-तीनदा. स्पीड ५० च्या वर जातच नाही. हिवाळ्यात बर्फ पडतो पण मोजून आठ-दहा दिवस, आणि मोठ्या रस्त्यांवर पहाटेच मीठ टाकलेलं असतं. बाकीचा हिवाळा म्हणजे ओलसर, रात्री शून्याच्या खाली आणि दुपारी चार-पाच डिग्री. गाडी रात्रभर बाहेर उभी असते, ऑफिसात मात्र तळघरात पार्किंग आहे.

आत्ता समर टायर आहेत, तीन वर्षं झाली, नक्षी बघायला तरी चांगली वाटते. नवरा म्हणतो शहरात विंटर टायर लागत नाहीत, हळू चालवलं की झालं. भाऊ म्हणतो विंटरच घे आणि बारा महिने तेच ठेव, वर्षातून दोनदा बदलायची कटकट नको. मला दोघांचंही पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. बर्फ नसताना नुसत्या थंडीत खरंच फरक पडतो का? आणि गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे तर पुढच्या दोनच चाकांना विंटर घातले तर चालेल का, म्हणजे खर्च निम्मा होईल. शाळेजवळ लहान मुलं रस्ता क्रॉस करत असतात, सगळी काळजी त्या शेवटच्या दोनशे मीटरची आहे.

रबर_आणि_रस्ता

ताई, पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे विंटर टायर बर्फासाठी असतो. तो थंडीसाठी असतो, आणि बर्फ हा त्या थंडीतला एक भाग झाला.

समर टायरचं रबर उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरावर टिकून राहावं म्हणून घट्ट बनवलेलं असतं. तापमान उतरलं की तेच रबर आणखी कडक होत जातं. आता रस्ता आपल्याला वरून सपाट दिसला तरी जवळून बघितला तर खडबडीत असतो, बारीक खडीचे उंचसखल कण असतात, आणि टायर धरतो तो त्या कणांभोवती दबून, त्यांचा आकार घेऊन. रबर कडक झालं की ते दबत नाही, कणांच्या टोकांवरूनच सरकत जातं. विंटर टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं प्रमाण असं ठेवतात की शून्याच्या खालीही ते लवचिक राहतं.

दुसरा फरक नक्षीचा. विंटर टायर हातात घेऊन बघा, प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा दिसतील, त्यांना साइप म्हणतात. ब्रेक मारला की त्या चिरा थोड्या उघडतात आणि एका ठोकळ्याला एका कडेऐवजी पाच-सहा कडा मिळतात, त्या बर्फात रुततात. मोठ्या चरांमध्ये बर्फ भरून बसलेला दिसला तर काढू नका, तो तिथे बसावा म्हणूनच चर तसे केलेले असतात, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो (बर्फाचा गोळा करताना हाताला हेच जाणवतं).

साधारण ७ डिग्री हा आकडा तुम्ही ऐकला असेल. सकाळचं तापमान रोजच त्याच्या खाली जायला लागलं की समर टायरचे दिवस संपले असं धरायचं.

आणि शहरातल्या लोकांना एक वेगळीच अडचण असते जी कुणी बोलत नाही. हायवेवर अर्धा तास गाडी चालली की टायर स्वतःच थोडा गरम होतो. तुमचं शाळेपर्यंतचं अंतर किती असेल, चार-पाच किमी? गाडी रात्रभर बाहेर गारठलेली, टायर गरम व्हायच्या आतच तुम्ही शाळेच्या दारात. म्हणजे ज्या दोनशे मीटरची तुम्हाला काळजी आहे तिथेच टायर सगळ्यात थंड असतो.

आकडेमोड

"हळू चालवलं की झालं" याबद्दल लिहितो, कारण हे वाक्य मी पण वर्षानुवर्षं बोलत होतो आणि एकदा कागदावर हिशोब मांडल्यावर बोलायचं बंद केलं.

५० किमी स्पीड म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ब्रेक मारल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढतं आणि पकड जितकी कमी तितकं लांबतं. कोरड्या रस्त्यावर पकड (म्हणजे टायर-रस्त्याचा घर्षणांक) ०.८ धरली तर ५० वरून थांबायला १२-१३ मीटर लागतात. आता दाबलेल्या बर्फावर समजा एका टायरची पकड ०.३ आहे आणि दुसऱ्याची ०.२, बघायला गेलं तर फरक क्षुल्लक वाटतो. पहिली गाडी सुमारे ३३ मीटरवर थांबते. दुसरीला ४९ लागतात. हे नुसतं ब्रेकचं अंतर आहे, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एखादा सेकंद आणि त्यातले १४ मीटर वेगळेच.

पण मला हादरवणारा आकडा हा नव्हता. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली त्या जागी दुसरी गाडी अजून किती स्पीडने जात असेल ते काढून बघितलं. २९ किमी. म्हणजे एक गाडी झेब्राच्या अलीकडे उभी आणि दुसरी त्याच जागेवरून २९ ने पुढे चाललीये.

हळू चालवणं बरोबरच आहे, ३० ने चालवलं तर सगळी अंतरं जवळजवळ एक तृतीयांश होतात. पण निव्वळ गुळगुळीत बर्फावर पकड ०.१ पर्यंत उतरली तर ३० वरून थांबायलाही ३५ मीटर लागतात, आणि तुमच्या समोर मूल आलं तर ते ३५ मीटर आधी सांगून येणार नाही ना.

चौथा_सिग्नल

मी तुमच्या नवऱ्यासारखाच विचार करणारा माणूस होतो म्हणून लिहितोय.

माझं पण सगळं शहरातच. बर्फ पडून दोन दिवस झालेले, रस्ता काळा दिसत होता, ऊन पडलेलं. मी सिग्नलकडे येत होतो, स्पीड जेमतेम ३५ असेल, पुढे लाल दिवा, नेहमीसारखा ब्रेक मारला आणि गाडी थांबेचना. पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर जाणवत होती, स्टेअरिंग सरळ होतं, आणि गाडी आपली सावकाश पुढे पुढे. झेब्रा क्रॉसिंगवरून एक आजी वॉकर घेऊन चालल्या होत्या. त्या माझ्या लेनमधून पलीकडे गेल्या आणि मग माझी गाडी झेब्रावर येऊन थांबली. काही झालं नाही. पण त्यांनी मागे वळून बघितलं ते मला अजून दिसतं.

नंतर कळलं की सिग्नलच्या अलीकडचे वीस-पंचवीस मीटर हे शहरातले सगळ्यात वाईट. दिवसभर शेकडो गाड्या तिथेच ब्रेक मारतात, तिथेच चाकं फिरवत निघतात, एक्झॉस्टमधलं पाणी तिथेच पडतं, उरलासुरला बर्फ घासून घासून काचेसारखा होतो आणि वरून रस्ता नुसता ओला दिसतो. म्हणजे जिथे थांबायलाच हवं नेमकं तिथेच पकड कमी.

आणि मीठ मोठ्या रस्त्यांवर पडतं हो, पण आपण राहतो गल्लीत. शाळा बहुतेक गल्लीत. तळघराच्या पार्किंगचा उतार तर विसरूच नका, सकाळी पाणी झिरपून गोठलेलं असतं आणि खाली वळण.

त्याच आठवड्यात विंटर टायर घातले. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (निघताना चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा), फोर व्हील ड्राइव्ह, हे सगळं असलेली पकड वापरतं, नसलेली पकड आणून देत नाही. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांचा तर जास्त घोळ होतो, गाडी सिग्नलवरून मस्त निघते म्हणून वाटतं रस्ता चांगला आहे, थांबताना मात्र सगळ्या गाड्या सारख्याच, चार चाकं आणि चार टायर.

जुना_पान्हा

मी या कामातलाच आहे, टायर बदलण्यात उभी हयात गेली, तेव्हा ताईंच्या बाकीच्या दोन प्रश्नांचं मी सांगतो.

दोनच विंटर टायर पुढे घालायचे, हे कृपा करून करू नका. दुकानात रोज कोणीतरी हेच मागतं आणि मी रोज नाही म्हणतो. पुढची चाकं धरतात, मागची समर टायरवर घसरतात, मग वळणावर ब्रेक मारला की गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं आणि गाडी गोल फिरते. पुढून घसरलेली गाडी निदान सरळ जाते, चालकाला काहीतरी करता येतं. मागून सुटलेली गाडी सावरणं सराव असलेल्यालाच जमतं, रोजच्या चालकाला नाही. घालायचे तर चारही, आणि चारही एकाच जातीचे. चारांतले दोन कमी झिजलेले असतील तर ते मागे, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी मागेच.

आता भावाचं म्हणणं. विंटर टायर बारा महिने चालवलेले माझ्याकडे येतात ना, हात फिरवला की कळतं. मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं. विंटर टायरची नवीन नक्षी ८ मिमीच्या आसपास खोल असते, बर्फात तो नीट काम करतो साधारण ४ मिमीपर्यंत, म्हणजे कामाचे मिमी तुमच्याकडे चारच आणि ते तुम्ही उन्हाळ्यात घालवून बसता. पुढचा हिवाळा येतो तेव्हा टायरवर विंटरची खूण आहे पण आत विंटर उरलेलाच नाही. बहुतेक देशांत गाड्यांसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिमी असते, ऑस्ट्रियासारख्या ठिकाणी विंटर टायरला ४ मिमी लागतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

झीज सोडा, उन्हाळ्यात त्याचे ब्रेकही लांबतात. ते चिरा मारलेले ठोकळे गरम रस्त्यावर लोळतात, स्टेअरिंग फिरवलं की गाडी अर्धा क्षण विचार करून वळल्यासारखी वळते. शाळेसमोरची मुलं जूनमध्ये पण रस्ता क्रॉस करतातच.

दोन सेट घेतले तर दुप्पट खर्च असं लोकांना वाटतं. पण एक सेट रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, दोन्ही मिळून जवळजवळ दुप्पट वर्षं जातात. वेगळा खर्च येतो तो बदलण्याचा आणि ठेवण्याचा. शक्य असेल तर विंटरसाठी वेगळ्या रिम घ्या, साध्या लोखंडी, गाडीला चालत असेल तर एक इंच लहान. मग टायर रिमवरून दर वेळी काढाघाला करावे लागत नाहीत, टायरच्या कडेला इजा होत नाही, आणि लहान रिमवर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उंच मिळते त्यामुळे बर्फाखाली लपलेल्या फुटपाथच्या कडेला चाक आपटलं तरी निभावतं. साइज मात्र गाडीच्या कागदपत्रांत दिलेल्यांपैकीच.

रिमसकट टायर एकावर एक आडवे रचून ठेवले तरी चालतात. रिमशिवाय असतील तर उभे ठेवा आणि महिन्याने थोडे फिरवा. जागा थंड, कोरडी, अंधारी हवी. बॉयलर किंवा चालू मोटर यांच्या शेजारी नको, मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन होतो आणि तो रबराला तडे पाडतो. काढताना खडूने लिहून ठेवा कुठलं चाक कुठलं होतं, पुढच्या वेळी विसरायला होतंच.

बारमाही

सगळ्यांनी विंटर विंटर लावलंय पण ताईंचा हिवाळा परत एकदा वाचा की. आठ-दहा दिवस बर्फ, मोठे रस्ते साफ, दिवसाला वीस किमी, स्पीड ५०. हा मला ऑल सीझन, म्हणजे बारा महिने एकच ठेवायच्या टायरचा, अगदी पाठ्यपुस्तकातला ग्राहक वाटतो.

पूर्वी ऑल सीझन म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या होतं, मान्य. पण २०१५ साली मिशेलिनने क्रॉसक्लायमेट आणला, समर टायरसारखा चालणारा पण विंटरची खूण मिळवलेला, आणि त्यानंतर बाकीच्या कंपन्यांनाही जागं व्हावं लागलं. आज चांगल्या कंपनीचा ऑल सीझन ओल्या थंड रस्त्यावर आणि हलक्या बर्फावर व्यवस्थित थांबतो. मी तिसऱ्या हिवाळ्यात आहे, बदलाबदली नाही, टायर ठेवायला जागा नको.

फक्त खूण बघून घ्यायची. टायरच्या बाजूवर नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल तर त्याला भुलू नका, चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ, पण ते कंपनी स्वतःच लिहिते, त्यासाठी कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. बघायची ती तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण, ती मिळवायला बर्फावर चाचणी पास व्हावी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसता एम+एस धरतच नाहीत.

आणि ते ७ डिग्री म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. बर्फ नसलेल्या रस्त्यावर, कोरड्या असो की ओल्या, चांगला समर टायर पाच-सहा डिग्रीलाही विंटरच्या बरोबरीने किंवा त्याच्यापेक्षा लवकर थांबू शकतो. आकड्याची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही.

रबर_आणि_रस्ता

@बारमाही, ७ डिग्रीबद्दल तुमचं म्हणणं मान्य करतो, मी जरा ठोकून लिहिलं. त्या आकड्याला टायर अचानक बदलत नाही, आणि टायरप्रमाणे, ओल्या-कोरड्याप्रमाणे तो मागेपुढे होतो. पण मी तो आकडा कॅलेंडरसाठी वापरतो, फिजिक्ससाठी नाही. दुपारी सहा डिग्री असतं त्या दिवशी पहाटे पुलावर, झाडांच्या सावलीत शून्य असतं, आणि ताई निघतात सकाळी. समर टायर सहा डिग्रीला किती चांगला थांबतो याचा सकाळी साडेसातला उपयोग नाही.

स्पोर्टी जातीचे समर टायर असतील तर आणखी जपावं लागतं. उणे ७ च्या खाली त्यांचं रबर इतकं ठिसूळ होतं की गाडी हलवली तरी नक्षीला तडे जाऊ शकतात, कंपन्या स्वतःच ही सूचना देतात.

ऑल सीझनला माझा विरोध नाही. एकच प्रश्न विचारा स्वतःला, ते आठ-दहा दिवस गाडी घरी ठेवता येते का? येत असेल तर ऑल सीझन. आणि त्याच दिवशी न चुकता शाळेत जायचंच असेल, रस्त्यात चढ-उतार असतील, तर विंटर.

चौथा_सिग्नल

+१. माझ्या रस्त्यात चढ आहे म्हणून मी विंटरवर, सपाट गावात असतो तर मीही ऑल सीझनचाच विचार केला असता.

सकाळची_गाडी

बापरे, इतकं सविस्तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. तो २९ किमीचा आकडा नवऱ्याला वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला आणि नक्षी मोजून आला. पुढे ३.५ मिमी, मागे ४.५. म्हणजे मी चांगली नक्षी चांगली नक्षी म्हणत होते ती पुढची निम्म्याच्या खाली गेलेली आहे.

शाळेकडे शेवटी चढ आहे, मोठा नाही पण आहे, आणि परत येताना तोच उतार, खाली झेब्रा. बर्फाच्या दिवशी शाळा सुरूच असते. दुसरा मार्ग बघितला, बसने जायचं तर दोन बदलाव्या लागतात आणि मला ऑफिसला उशीर. त्यामुळे ऑल सीझनवाल्या दादांचं पटत असूनही मन विंटरकडे झुकतंय. दोन टायरचा विचार तर सोडूनच दिला, गाडी मागून फिरते हे वाचूनच पोटात गोळा आला.

आता दोन शंका उरल्यात. या समर टायरचं काय करू, उन्हाळ्यात हेच परत घालू की नवीन? आणि विंटर घातल्यावर हवा किती ठेवायची, कुणी म्हणतं थंडीत थोडी कमी ठेव म्हणजे पकड वाढते.

जुना_पान्हा

ताई, हवा कमी ठेवायची नाही, कुणीही काहीही सांगो. गाडीच्या दारावर किंवा पेट्रोलच्या झाकणावर लिहिलेली तितकीच. उलट थंडीत हवा आपोआप उतरते, तापमान १० डिग्रीने पडलं की साधारण दीड पीएसआय जाते. सप्टेंबरात २५ डिग्रीला भरलेली हवा उणे पाचच्या सकाळी साडेचार-पाच पीएसआय कमी दाखवेल, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की लोक पंक्चर समजून येतात. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, सकाळी गाडी फार न चालवता तपासा.

समर टायरचं वय बघा. बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे '२३२२' असेल तर २०२२ सालचा तेविसावा आठवडा. तुमचे वयाने तरुण आहेत. पुढचे ३.५ वाले पावसात पाणी बाजूला फेकायला कमी पडायला लागतील, समर टायर ३ मिमीला बदलावा असं मी सांगतो. तेव्हा पुढचा उन्हाळा या सेटवर काढा, ते ४.५ वाले मागेच राहू द्या, आणि पाऊस जोरात असेल तेव्हा स्पीड आवरा. त्यानंतर नवे.

बसवून घेतल्यावर ५० ते १०० किमी झाले की नट परत एकदा टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आवळून घ्या, हे लोक हटकून विसरतात. टायरच्या बाजूवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला आहे ना ते स्वतः बघा, घाईत उलटं बसवलेलं मी पाहिलंय. आणि नवीन टायर पहिले दोन-तीनशे किमी जरा सरकतो, तेवढे दिवस अंतर ठेवून चालवा.

आकडेमोड

आणि नंबर आत्ताच लावून ठेवा ताई. पहिला बर्फ पडला की सगळं शहर एकाच सकाळी टायरवाल्याकडे धावतं, साइज मिळत नाही, आठवडाभर वेळ मिळत नाही, आणि तोच आठवडा सगळ्यात धोक्याचा असतो कारण चालवणाऱ्यांचाही हात अजून बसलेला नसतो.

सकाळची_गाडी

लावला नंबर. पुढच्या गुरुवारी सकाळी, चार विंटर, लोखंडी रिमसकट, एक इंच लहान, साइज गाडीच्या कागदांशी ताडून घेतली. समर टायरवर खडूने पुढचं डावं, पुढचं उजवं असं लिहायचं काम मुलीने मागून घेतलंय. शंभर किमी झाले की नट तपासून इथे कळवते.